सोया मेण: आधी तपासा, मग सुगंध घाला

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मी नागपूरहून चंद्रपूरला मावशीकडे सहा मेणबत्त्या पाठवल्या. पोचल्या तेव्हा खोक्याच्या तळाशी सुगंधी तेल साचलं होतं, मेण एका बाजूला कललं होतं आणि वाती तिरक्या झाल्या होत्या. एकाही जारला तडा नव्हता, पॅकिंगही नीट होतं. चूक मेणाच्या निवडीत होती. ते मेण ४६ अंशांच्या आसपास वितळणारं होतं, आणि आमच्याकडे एप्रिलच्या दुपारी बंद गाडीत तापमान त्याच्या वर सहज जातं. पिशवीवर नुसतं 'सोया वॅक्स' लिहिलेलं होतं, आणि मीही पुढे काही विचारलं नव्हतं.

नवीन शिकणारे बहुतेक जण इथेच अडकतात. व्हिडिओ पाहून मेण आणतात, वितळवतात, सुगंध घालतात, आणि मेणबत्ती नीट जळली नाही की वातीला किंवा सुगंधाला दोष देतात. मेण तपासायचं असतं हेच कुणी सांगितलेलं नसतं. म्हणून या लेखात सजावट, रंग, लेबल यांना जागा नाही. मेण कसं निवडायचं आणि एक किलोच्या पिशवीत त्याची परीक्षा कशी घ्यायची, एवढंच सांगणार आहे.

सोया मेण म्हणजे काय

सोयाबीनचं तेल खोलीच्या तापमानाला पातळ असतं. निकेलसारख्या उत्प्रेरकाच्या मदतीने त्यात हायड्रोजन मिसळला की ते घट्ट होतं. डालडा याच पद्धतीने बनतो. हायड्रोजनेशन पूर्ण केलं तर कडक, ठिसूळ आणि साठ अंशांच्याही बरंच वर वितळणारी चरबी मिळते. अर्धवट केलं तर मऊ राहते. मेण बनवणारे कारखाने या दोन्हींचं, कधी आणखी काही पदार्थांचं, मिश्रण करून हवा तो मऊपणा साधतात. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात मायकेल रिचर्ड्स यांनी १९९०च्या दशकात मधमाशीच्या महाग मेणाला पर्याय शोधताना सोयाबीनपासून मेणबत्तीचं मेण तयार केलं, तिथून हे सगळं सुरू झालं. लातूर, वाशीम, हिंगोलीच्या शेतांत सोयाबीन भरपूर पिकत असलं तरी ज्या मेणांचे क्रमांक मेणबत्ती करणाऱ्यांच्या तोंडी असतात, ती अमेरिकेतली आहेत.

पॅराफिनशी तुलना सतत निघते म्हणून तेही सांगते. पॅराफिन कच्च्या तेलाच्या शुद्धीकरणातून निघतं. आपल्याकडे आसाममधल्या नुमालीगढ रिफायनरीत ते मोठ्या प्रमाणावर तयार होतं. ते जास्त कडक असतं, अर्धपारदर्शक दिसतं आणि सुगंध लवकर फेकतं. सोया मऊ, दुधाळ आणि संथ जळणारं. माझी पसंती सोयाला आहे, पण 'पॅराफिन विषारी आणि सोया शुद्ध' असं मी कुणाला सांगत नाही. वात चुकीची असेल तर सोयाची मेणबत्तीही काळी काजळी धरते.

सोयाचा स्वभाव समजायला तूप आठवा. कढवलेलं तूप हळू थंड झालं की रवाळ होतं, झटकन थंड झालं की गुळगुळीत. सोया मेणातही असेच स्फटिक तयार होतात, आणि ओतल्यानंतरही काही दिवस ते आपली रचना बदलत राहतात. जारच्या काचेवर दिसणारी पांढरी, धुक्यासारखी नक्षी त्यामुळेच येते. तिला फ्रॉस्टिंग म्हणतात. ती बुरशी नाही आणि मेण खराब झाल्याची खूणही नाही. रंग न घातलेल्या मेणात ती फारशी कळतही नाही, म्हणून पहिल्या महिन्यात रंगाला हात लावू नका.

पिशवी घेण्याआधी विचारायचे प्रश्न

पहिला प्रश्न: हे मेण जारसाठी आहे की साच्यासाठी? जारचं मेण मऊ असतं, काचेला चिकटतं, कमी तापमानाला वितळतं. साच्याचं मेण कडक असतं आणि गोठताना आकसून साच्यातून सुटतं. सिलिकॉनच्या साच्यात मोदकाच्या आकाराची मेणबत्ती करायला बसलात आणि हातात जारचं मेण असेल, तर कळ्या तुटतील आणि बोटांचे ठसे उमटतील. उलट साच्याचं मेण जारमध्ये ओतलं तर ते काचेपासून सुटतं. शिकायला जारचंच मेण घ्या. त्यात चुका लवकर समजतात.

दुसरा प्रश्न: क्रमांक काय आणि वितळबिंदू किती? उदाहरण म्हणून गोल्डन वॅक्स ही मालिका घेऊ, कारण भारतात नव्या लोकांच्या हाती बहुतेक वेळा तीच येते. तिच्यातलं ४६४ हे सर्वात लोकप्रिय. ते मऊ, गुळगुळीत आणि सुगंध चांगला धरणारं आहे, पण वितळतं ४६ ते ४८ अंशांच्या दरम्यान. ४४४ हे थोडं वरच्या तापमानाचं, साधारण ५० ते ५२ अंश. ४१५ मध्ये बाहेरचे पदार्थ मिसळलेले नसतात, निव्वळ सोया. त्यात फ्रॉस्टिंग जास्त येतं आणि ते नवख्याचा संयम पाहतं. महाबळेश्वरला किंवा पुण्यात थंडीत काम करणाऱ्याला ४६४ छान. नागपूर, अकोला, चंद्रपूर, जळगाव या पट्ट्यात राहत असाल, किंवा उन्हाळ्यात कुरियरने पाठवायचं असेल, तर ४४४ किंवा तेवढ्याच वितळबिंदूचं दुसरं मेण पाहा. तीन-चार अंशांचा फरक कागदावर किरकोळ वाटतो. कपाटाच्या वरच्या फळीवर मे महिन्यात तो ठळक दिसतो.

तिसरा प्रश्न: निव्वळ सोया आहे की मिश्रण? नारळ-सोया, पाम-सोया, पॅराफिन-सोया अशी मिश्रणं मिळतात आणि त्यांत वाईट काहीच नाही. नारळ-सोया काचेत फार देखणं दिसतं. मात्र विकणाऱ्याने ते सांगायला हवं, कारण मिश्रण बदललं की वात बदलते. सुटं मेण विकणाऱ्या कित्येक दुकानांत क्रमांक सांगता येत नाही. अशा वेळी मी एकच किलो घेते आणि दुकानदाराला विचारते की पुढच्या खेपेला हाच माल येणार का. 'माल बदलत असतो' असं उत्तर आलं, तर ते मेण स्वतःच्या घरासाठी ठीक, विकण्यासाठी नाही.

हातात घेऊन काय कळतं? सोयाची चकती बोटांत चोळली की लोण्यासारखी मऊ पडते आणि बोट तेलकट होतं. पॅराफिन कोरडं आणि घसरडं लागतं, चोळल्यावर तसं विरघळत नाही. सोयाचा रंग मलईसारखा आणि अपारदर्शक. पॅराफिन उजेडासमोर धरलं तर किंचित आरपार, निळसर पांढरं. वासही घ्या. सोयाला हलका खाद्यतेलाचा वास असतो. रॉकेलसारखी झाक आली तर मिश्रणाची शक्यता धरा. खवट वास आला तर मेण घेऊच नका, सुगंधाने तो झाकला जात नाही.

सामान

एक ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, १०० अंशांपर्यंत जाणारा थर्मामीटर, पाणी उकळायला एक पातेलं आणि त्यात बसणारं चोच असलेलं स्टीलचं भांडं. मेण नेहमी पाण्याच्या पातेल्यातच वितळवायचं, थेट गॅसवर कधीही नाही. पाणी शंभर अंशांच्या पुढे जात नाही, त्यामुळे मेणही जळण्याच्या तापमानापर्यंत पोचत नाही. तरीही मेण गरम असताना तिथून हलायचं नाही, आणि कधी पेटलंच तर पाणी टाकायचं नाही. गॅस बंद करून भांड्यावर स्टीलचं झाकण सरकवायचं. उरलेलं मेण बेसिनमध्ये ओतू नका. पाइपात जाऊन ते गोठतं, आणि मग प्लंबरशिवाय गत्यंतर नसतं.

काच सरळ भिंतींची, जाड तळाची घ्या. तोंड अरुंद आणि पोट मोठं अशा बरण्यांत उष्णता कोंडते. मेणबत्तीच्या काचेसाठी एएसटीएम एफ २१७९ हे अमेरिकी मानक आहे. त्याप्रमाणे तपासलेले जार मिळाले तर उत्तम, नाहीतर निदान मेणबत्तीसाठी म्हणून विकले जाणारे घ्या. घरातले जुने पेले, विशेषतः पातळ किंवा चरे पडलेले, या कामाला वापरू नका. सगळ्या चाचण्यांसाठी जार एकाच मापाचे हवेत. मी आतून ७ सेंटिमीटर व्यासाचे वापरते, म्हणून खालचे आकडे त्या मापाचे आहेत.

आणि एक वही. खरं सांगायचं तर सामानातली सर्वात महत्त्वाची वस्तू तीच.

पहिली चाचणी: कोरं मेण

सुगंध नाही, रंग नाही, वातही नाही. १०० ग्रॅम मेण वितळवून ७५ अंशांपर्यंत न्या, स्टीलच्या वाटीत ओता आणि थर्मामीटर मधोमध बुडवून ठेवा. ७० अंशांपासून दर दोन मिनिटांनी आकडा वहीत लिहा, ३५ अंशांपर्यंत. उन्हाळ्यात खोलीच ३८ अंशांवर असेल तर हे काम पहाटे करा.

आकडे सुरुवातीला भराभर उतरतील. मग एका ठिकाणी घसरण मंदावेल, कधी काही मिनिटं आकडा जागचा हलणारच नाही. त्या क्षणी वाटीच्या कडेला पाहिलंत तर मेण दुधाळ होताना दिसेल. गोठताना मेण आपली उष्णता बाहेर टाकतं, म्हणून तापमान थबकतं. ही जागा पिशवीवरच्या वितळबिंदूपेक्षा काही अंश खालीच येते, कारण सोया मेण वितळबिंदूच्या खालीही थोडा वेळ पातळ राहतं. त्यामुळे त्या आकड्याला वितळबिंदू समजू नका. त्याचा उपयोग तुलनेसाठी आहे. दोन दुकानांचं मेण असं शेजारी शेजारी तपासलं तर कोणतं कडक, कोणतं मऊ, हे तासाभरात कळतं. माझ्या बेनामी पिशवीचं मेण कुठल्या जातीचं होतं, ते मला असंच उलगडलं.

गोठलेली वाटी रात्रभर ठेवा. सकाळी पृष्ठभाग पाहा: गुळगुळीत आहे, खडबडीत आहे, मध्ये खळगा पडलाय का? नखाने ओरखडा काढून पाहा. हे कोऱ्या मेणाचं मूळ रूप. पुढे सुगंध घातल्यावर काही बिघडलं तर दोष मेणाचा की सुगंधाचा, हे या वाटीकडे पाहून ठरवता येतं. म्हणून ती वितळवू नका, तारीख चिकटवून जपून ठेवा.

दुसरी चाचणी: ओतण्याचं तापमान

एकाच भांड्यातलं मेण तीन जारमध्ये तीन वेगवेगळ्या तापमानांना ओता: ६५, ५७ आणि ५० अंश. बाकी सगळं तेच. दुसऱ्या दिवशी तिन्ही जारचा वरचा थर आणि काचेच्या बाजू बघा. ४६४ आणि ४४४ या मेणांसाठी ५७ अंशांच्या आसपास ओतण्याची शिफारस असते, पण ती कुणा दुसऱ्याच्या खोलीतल्या हवेवर बेतलेली आहे. नागपुरात डिसेंबरच्या रात्री १२ अंश असतात, तेव्हा थंड काचेला लागताच मेण आक्रसतं आणि काचेपासून जागोजागी सुटून ओलसर डाग पडल्यासारखं दिसतं. तेव्हा जार आधी कोमट करून घ्यावे लागतात. उलट मे महिन्यात मेण इतकं सावकाश गोठतं की वरचा थर फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा उठतो. तेव्हा मी कमी तापमानाला, ५० ते ५२ अंशांवर ओतते.

पंख्याखाली थंड करायला ठेवू नका आणि फ्रिजमध्ये तर मुळीच नाही. वरचा थर खडबडीत राहिलाच तर हेअर ड्रायरने हलकेच वितळवून सारखा करता येतो. काचेवरच्या ओल्या डागांनी जळण्यावर काहीच परिणाम होत नाही, त्यांच्यामागे वेळ घालवू नका.

या तीन जारमध्ये वात बसवलेली असेल तर हेच जार पुढच्या चाचणीत बिनसुगंधी नमुने म्हणून वापरता येतात.

सुगंध किती आणि कधी

आधी जारचं माप काढू. रिकामा जार काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा आणि जिथपर्यंत मेण हवं तिथपर्यंत पाणी भरा. समजा २०० ग्रॅम पाणी बसलं. मेण पाण्यापेक्षा हलकं असतं, म्हणून २०० ला ०.८६ ने गुणा: १७२ ग्रॅम. हे मेण आणि सुगंध मिळून एकूण वजन. सुगंध ६ टक्के घालायचा तर १७२ ला १.०६ ने भागा. मेण १६२ ग्रॅम, सुगंध १० ग्रॅम. सुगंध मिलिलिटरमध्ये मोजू नका, प्रत्येक तेलाची घनता वेगळी असते.

सुरुवात ६ टक्क्यांनीच करा. बऱ्याच मेणांची मर्यादा १० टक्के किंवा थोडी वर सांगितलेली असते, पण मर्यादा म्हणजे शिफारस नव्हे. जास्त तेल घातलं की ते मेणात सामावत नाही, उकाड्यात थेंबांनी वर येतं, वातीची छिद्रं बुजवतं, आणि वास वाढायच्या ऐवजी ज्योत मरगळते. अगरबत्तीसाठी किंवा साबणासाठी मिळणारा सुगंध मेणबत्तीत चालेलच असं नाही. घेतानाच 'मेणबत्तीसाठी' असं स्पष्ट सांगा. पहिल्या चाचणीला व्हॅनिला टाळा. त्यातल्या व्हॅनिलिनमुळे मेण पिवळट ते तपकिरी होत जातं आणि मेणाचा मूळ रंग कळेनासा होतो. मोगरा किंवा लेमनग्रास बरा.

मेण ८० ते ८५ अंशांवर असताना, भांडं गॅसपासून दूर नेऊन, सुगंध घाला आणि दोन मिनिटं सावकाश ढवळा. घोटायचं नाही, हवा शिरते. इथे एक गैरसमज फार पसरला आहे: सुगंधाचा फ्लॅश पॉइंट ७० अंश असेल तर ८० अंशांच्या मेणात तो उडून जातो, असं लोक सांगतात. फ्लॅश पॉइंट म्हणजे ज्या तापमानाला तेलाची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते ते तापमान. तेल त्या अंशाला नाहीसं होत नाही. काळजी ज्योतीची घ्यायची, म्हणूनच भांडं गॅसपासून दूर.

मग थांबायचं. सोया मेणात सुगंध मुरायला वेळ लागतो, लोणच्यासारखा. एकाच घाण्याचे तीन जार करा आणि एक तिसऱ्या दिवशी, एक सातव्या, एक चौदाव्या दिवशी पेटवा. माझ्या अनुभवात तिसऱ्या आणि चौदाव्या दिवसाच्या वासात मोठा फरक असतो. दिवाळीला भेट द्यायच्या मेणबत्त्या वसुबारसेच्या आदल्या रात्री ओतणाऱ्यांना वास 'येतच नाही' तो यामुळे. निदान दसऱ्याला ओतून मोकळं व्हा.

वास तपासायला स्वतःच्या नाकावर विसंबू नका. दिवसभर त्याच वासात वावरलेलं नाक मंदावतं. छोट्या खोलीत दार लोटून दोन तास मेणबत्ती लावा आणि बाहेरून आलेल्या माणसाला आत पाठवा. माझ्याकडे हे काम शेजारच्या काकूंकडे असतं. त्या उंबऱ्यातच सांगतात, आत येण्याआधीच वास आला की आल्यानंतर.

वात आणि जाळण्याची चाचणी

इथे घाई करू नका. सगळ्या चाचण्यांत ही सर्वात लांब आणि हिच्यातूनच सर्वात जास्त शिकायला मिळतं.

सोया मेण वितळल्यावर पॅराफिनपेक्षा दाटसर असतं, म्हणून त्याच मापाच्या जारला पॅराफिनपेक्षा थोडी जोरदार वात लागते. सोयासाठी इको आणि सीडी या वातींच्या मालिका सर्रास वापरल्या जातात. क्रमांक वाढेल तशी वात जाड. ७ सेंटिमीटरच्या जारला मी इको ८ आणि इको १० पासून सुरुवात केली. तुमच्या दुकानात बिनक्रमांकाच्या वाती असतील तर कमी, मध्यम, जास्त अशा तीन जाडीच्या घ्या आणि त्यांना स्वतःचे क्रमांक द्या.

म्हणजे जार असे झाले: बिनसुगंधी मेण आणि मधली वात; सुगंधी मेण आणि बारीक वात; सुगंधी मेण आणि मधली वात; सुगंधी मेण आणि जाड वात. चारच जार, एक किलोत आरामात बसतात. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. वातही बदलली आणि सुगंधही बदलला, तर फरक कशाने पडला ते कधीच कळणार नाही.

वात ५ ते ६ मिलिमीटरवर कापा. जारचं वजन करा आणि लिहा. पंखा बंद. कूलरही बंद. आपल्या घरांत हीच मोठी अडचण आहे: छताच्या पंख्याखाली ज्योत नाचते, काजळी धरते आणि आपण वात बदलत बसतो. उन्हाळ्यात पंख्याशिवाय बसवत नसेल तर पहाटे पाचला चाचणी लावा.

चार तास जाळायचं आणि दर तासाला चार गोष्टी लिहायच्या: वितळलेल्या मेणाचं वर्तुळ किती रुंद, किती खोल, ज्योत किती उंच, काचेवर काजळी आहे का. ढोबळ हिशेब असा की वर्तुळ दर तासाला साधारण अडीच सेंटिमीटर रुंदावतं. ७ सेंटिमीटरच्या जारमध्ये तीन तासांत ते काचेपर्यंत पोचायला हवं, खोली सेंटिमीटरभर. तासाभरातच कडेला पोचलं तर वात फार जोरदार. चार तासांनीही मधोमध विहीर खणल्यासारखं खोल जात असेल आणि कडेला जाड भिंत उरत असेल, तर वात कमजोर.

चार तासांनी विझवा. जार पूर्ण गार होऊ द्या, पुन्हा वजन करा. फरकाला चारने भागलं की तासाला किती ग्रॅम मेण जळतं ते मिळतं. माझ्या जारमध्ये ते साडेचार ग्रॅमच्या आसपास येतं, म्हणजे १७२ ग्रॅमची मेणबत्ती अडतीस तास चालते. विकणाऱ्यांनी 'चाळीस तास' असं लेबलवर छापण्याआधी हा भागाकार एकदा करावा.

मग पुन्हा वात कापायची, पुन्हा चार तास, पुन्हा गार. मेणबत्ती संपेपर्यंत हेच चालू ठेवायचं. बहुतेक नवखे पहिल्या जळण्यावरच निकाल देतात, आणि तिथेच फसतात. वरच्या भागात ज्योतीला मोकळी हवा मिळते, काच थंड असते. मेण खाली उतरत जातं तशी काचेच्या भिंती उष्णता कोंडून धरतात आणि तीच वात जास्त तापते. म्हणून पहिल्या वेळी कडेला मेणाचा पातळ थर राहिला तर घाबरू नका. तो पुढच्या दोन-तीन वेळांत वितळून खाली येतो. उलट पहिल्याच वेळी दोन तासांत कडेपर्यंत सफाईने पोचलेली वात शेवटच्या तिसऱ्या भागात धोकादायक होते. सुरुवातीला मला इको १० आवडली होती. निम्मी मेणबत्ती जळल्यावर तिची ज्योत चार सेंटिमीटरवर गेली आणि काचेला हात लावता येईना. आता मी इको ८ वर आहे आणि पहिल्या दिवशीचा थोडासा थर मान्य करते.

वातीच्या टोकावर काजळीचा गोळा धरला, अळंबीसारखा, तर वात जाड आहे किंवा सुगंध जास्त आहे. कोणतं ते बिनसुगंधी जार सांगेल: त्यातही गोळा आला तर वात, नाही आला तर सुगंध. ज्योत तडतडत असेल तर वातीला दमट हवा लागलेली असू शकते. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि गोव्यात, वाती घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. ज्योत बुडून विझत असेल तर वात बारीक आहे किंवा सुगंधाने तिची छिद्रं बुजली आहेत.

चाचणी चालू असताना घराबाहेर पडायचं नाही, आणि तळाशी सेंटिमीटरभर मेण उरलं की तिथेच थांबायचं. त्याच्या खाली ज्योतीची उष्णता थेट काचेच्या तळाला लागते आणि जार फुटू शकतो.

उन्हाची चाचणी

ज्यांच्या गावात पारा चाळिशी ओलांडतो, त्यांनी ही नक्की करावी. तयार जार झाकण लावून पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा, खोक्यात थर्मामीटर टाका आणि खोकं दुपारी गच्चीवरच्या खोलीत किंवा पत्र्याखाली ठेवा. दर तासाला आकडा पाहा. कोणत्या अंशाला पृष्ठभागावर तेलाचे थेंब दिसले, कोणत्या अंशाला मेण कडेने मऊ पडलं, ते लिहा. घामासारखे दिसणारे थेंब वितळबिंदूच्या बरेच अंश आधी येतात. थोडे असतील तर रात्री गार झाल्यावर मेण ते परत शोषून घेतं. दुसऱ्या दिवशीही थेंब तसेच राहिले तर सुगंध एक-दोन टक्क्यांनी कमी करा किंवा जास्त वितळबिंदूचं मेण घ्या.

४४४ ने माझं बरंच काम सोपं केलं, तरी एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत मी कुरियरने मेणबत्ती पाठवत नाही. मागणी आली तर सांगते, पाऊस पडू द्या.

उन्हाळ्यात ठरवलेली वात थंडीत पुन्हा एकदा जाळून पाहावी लागते. गरम खोलीत मेण आधीच निम्मं मऊ असतं, त्यामुळे बारीक वातही पुरते. डिसेंबरात तीच वात विहीर खणायला लागते. मी वहीच्या एकाच पानावर दोन रकाने आखले आहेत, मे आणि डिसेंबर, आणि दोन्हींत चालणारी वात मिळेपर्यंत जार विकायला काढला नाही.

मेणाची नवी पिशवी आली की, क्रमांक तोच आणि दुकान तेच असलं तरी, १०० ग्रॅम कोरं मेण वाटीत ओता, दर दोन मिनिटांनी तापमान लिहा आणि जुन्या पिशवीच्या पानाशी ताडून पाहा. आकडे जुळले तर वात तीच ठेवा. दोन-तीन अंशांनी सरकले असतील, तर एक जार शेवटपर्यंत जाळल्याशिवाय बाकीची पिशवी उघडू नका.